भेसळ म्हणा हवं तर

६ एप्रिल, सोमवार

सही केली नाही. करणारही नाही.

अकरा वाजता सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद, त्यावर टाइप केलेली एकच ओळ: ‘माझ्या निष्काळजीपणामुळे सात नंबरच्या पेटीत भेसळ झाली.’ खाली माझ्यासाठी ठिपक्यांची रेघ. सरांच्या खुर्चीशेजारी इस्त्री उभा. सरांच्या हाताखाली संशोधन करतो तो. शर्टाला रोज कडक इस्त्री असते, चेहऱ्यालाही, म्हणून मी मनातल्या मनात त्याला तेच म्हणते.

एकोणीस वर्षं मी या संस्थेत मुंग्या सांभाळते. दाणे घालायचे, पाण्याचा कापूस बदलायचा, पेटीच्या काठाला पावडर चोळायची म्हणजे त्या घसरतात आणि बाहेर येत नाहीत, आणि रोज वहीत लिहायचं. पदवी माझ्याकडे नाही. मुंग्यांनी ती कधी मागितली नाही.

संस्थेमागच्या माळावर मुंग्यांच्या दोन जातींची वारुळं आहेत, तांबड्या आणि काळ्या. सरांना हवं आहे शुद्ध तांबड्यांचं घराणं. म्हणून दर वर्षी तांबड्या राण्यांना तांबडेच नर द्यायचे आणि पेट्या मांडायच्या. तीन वर्षांत अशा चोवीस मांडल्या. तेवीस दोन महिन्यांच्या आत मेल्या, आणि त्याचं खापर माझ्या देखभालीवर फुटलं. एकटी सात नंबरची जगली. त्या राणीला मी थोरली म्हणते. नऊशे लेकी आहेत तिला, आणि एकही आळशी नाही.

आता डीएनए तपासणीचा अहवाल आलाय. तिच्या चाळीस कामकरी मुंग्या तपासल्या, चाळीसच्या चाळीस मिश्र निघाल्या. आई तांबडी, बाप काळा. म्हणजे म्हणे पेटी बाटली. आठ जूनला बाहेरची समिती येणार. त्यांच्यासमोर माझा कागद ठेवायचा आणि थोरलीला सगळ्या लेकींसकट फ्रीजरमध्ये घालायचं.

“सही केलीत तर प्रकरण इथेच मिटेल,” सर म्हणाले. आवाज मऊ होता. “नाही केलीत तर चौकशी लागेल. नोकरीवरही बेतू शकतं.”

मी म्हटलं, “लागू दे.”

उद्यापासून मुंग्यांच्या खोलीत जायचं नाही. काचसामान धुवायचं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझं तोंडच तसलं. जरा नमतं घेतलं असतंस तर?” अकरा वर्षं झाली त्यांचा मुलगा, माझा नवरा, जाऊन. तेव्हापासून आम्ही दोघी या घरात आहोत आणि एकदाही त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

दिवसभर नळ्या धुतल्या. हात काम करतात, डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात बरोबर गोष्टी वर येतात.

तीन वर्षांपूर्वी राण्यांचे जोड लावताना एक जाळी फाटली होती. माळावरून आणलेले काळे नर वेगळे ठेवायला जाळी उरली नाही. तेव्हा एका तांबड्या राणीच्या जाळीत मी तांबडे आणि काळे दोन्ही नर एकत्र सोडले. चुकून नाही, नाइलाजाने. ती राणी म्हणजेच थोरली. आणि मी ते लिहिलं होतं. मी सगळं लिहिते.

प्रश्न आहे ते वाचलं कोणी याचा. आमच्या वहीचा नियम आहे: एकाने मांडायचं, दुसऱ्याने पेटी डोळ्यांनी बघून शेजारी सही करायची. खरं काय होतं? शनिवारी चहाच्या आधी सगळ्या वह्या एकमेकांपुढे सरकतात आणि आठवड्याच्या सह्या एका दमात होतात. कोणी पेटी बघत नाही. मीही नाही बघितल्या. इथे खोटं कशाला लिहू?

११ एप्रिल, शनिवार

भांडारातल्या जुन्या वह्या काढल्या. नाकातोंडात धूळ गेली, पण पान सापडलं. माझ्याच अक्षरात: ‘जाळी कमी. दोन्ही जातींचे नर एकत्र सोडले. राणी पुढे पेटी क्र. ७.’ शेजारी बघणाऱ्याची सही. इस्त्रीची. कडक, तिरकी, खाली दोन रेघा मारलेली.

आनंदाने उडी मारावीशी वाटली. मग पुढची पानं चाळली. मेलेल्या पेट्यांपैकी काहींची नोंद त्याच्याकडे होती. त्या पानांवर ‘दाणे भरपूर, ओल ठीक’ असं लिहिलंय आणि शेजारी माझ्या सह्या आहेत. एकही पेटी मी बघितलेली नाही. त्याला उघडा पाडायचा तर मीही उघडी पडते.

वही पिशवीत घालून घरी आणली. सासूबाईंची बॅग अजून बोळात उभी. नणंद त्यांना आपल्याकडे न्यायचं म्हणते आहे, फोनवर रोज तेच चालू असतं. बॅग भरून आठवडा झाला, पण या निघत नाहीत. आधी चष्मा नीट करून घ्यायचा होता, आता गुडघ्यांची तपासणी आहे. मला छळण्याची एक संधी सोडायची नाही असं ठरवलंय बहुतेक.

१२ एप्रिल, रविवार

झोप झाल्यावर डोकं चालतं माझं. सरांनी त्या कागदाबरोबर दिलेली अहवालाची प्रत पुन्हा वाचली. त्यात शेवटी एक ओळ आहे. थोरलीच्या दहा पंखवाल्या लेकीही तपासल्या होत्या, ज्या पुढे राण्या होतात त्या. दहाच्या दहा शुद्ध तांबड्या. इस्त्रीने तिथे पेन्सिलीने लिहिलंय: ‘यंत्राची चूक असावी.’

यंत्राची? दहा वेळा?

साखरेच्या डब्यात मीठ सांडलं तर मूठभर काढल्यावर काही दाणे साखरेचे निघतात, काही मिठाचे. थोरलीला दोन्ही नवरे मिळाले होते. मग निम्म्या कामकरी तरी शुद्ध तांबड्या निघायला हव्या होत्या. एकही नाही. आणि पंखवाल्यांत एकही मिश्र नाही. ही सांडलवंड नाही. ही निवड आहे, काटेकोर. आपल्या जातीच्या बापापासून राण्या होतात, परक्या बापापासून कामकरी.

आणि म्हणूनच ती तेवीस घरं मेली. आपण त्यांना आपलाच नर दिला, शुद्ध, स्वच्छ. त्या राण्यांना राबणारी एक लेक होऊ शकली नाही. मी दाणे घालत राहिले आणि त्या दाणे उचलायला कोणी नाही म्हणून उपाशी मेल्या. तेवीस वेळा मी स्वतःला दोष दिला.

रडू आलं आणि भयंकर रागही आला. आता हे सिद्ध करून दाखवायचं. संस्थेच्या खोलीत बंदी आहे, माळावर नाही.

१९ एप्रिल, रविवार

माळावरच्या वारुळांत पंखवाल्या याच दिवसांत असतात. ते मला ठाऊक आहे, इस्त्रीला पुस्तक उघडावं लागेल. बारा तांबड्या राण्या आणल्या. चौघींना फक्त तांबडे नर, चौघींना फक्त काळे, चौघींना दोन्ही. पडद्याचं जुनं कापड शिवून जाळ्या केल्या. आठवडाभरात सगळ्यांचे जोड लागले, राण्यांनी पंख टाकले. आज प्रत्येकीला वेगळ्या काचेच्या नळीत ठेवलं. तळाशी पाणी, मध्ये कापूस, तोंडाला कापूस. नळ्या मागच्या बाथरूममध्ये फळीवर आहेत. सासूबाईंच्या खोलीला लागून आहे ती, पण टब गळतो म्हणून वापरत नाही.

“बाथरूममध्ये किडे!” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या भिंतीला लागून!”

“राण्या आहेत त्या,” मी म्हटलं.

“असतील. आम्ही काय दासी?”

भांडण झालंच. मग माझ्या लक्षात आलं, नियमाप्रमाणे बघणारा हवा. घरात दुसरं माणूस एकच. मान खाली घालून विचारलं. त्यांनी चष्मा लावला, बाराही नळ्या एकेक करून उजेडाकडे धरून बघितल्या. चांगली वीस मिनिटं लावली. मग वहीत पूर्ण नाव लिहिलं, अक्षर थरथरतं पण सुटं.

“न बघता सही करायला मी काय साहेब आहे?” म्हणाल्या. टोमणा मारल्याशिवाय घास जात नाही त्यांना.

२ मे, शनिवार

बाराही जणींनी अंडी घातली. दोन दिवस अवकाळी पावसाने गारठा पडला होता, मला धास्ती होती. पण नशीब, ती बाथरूम आपोआप उबदार राहते. भिंतीतून गरम पाण्याचा नळ जात असावा.

सासूबाईंचं विसरणं वाढलंय. त्यांची गरम पाण्याची रबरी पिशवी सकाळी त्या टबात सापडली, नळ्यांच्या फळीखाली. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर कण्हतात आणि पिशवी कुठे ठेवली ते आठवत नाही. मी ती उचलून त्यांच्या पलंगावर ठेवली. नणंदेकडे गेल्या तर त्यांची नीट तपासणी तरी होईल.

दुपारची नोंद त्या घेतात आता, मी कामावर असते म्हणून. ‘नळी ४. अळ्या तीन. राणी शांत. नळी ९. हिने कापूस ओढला, खोडकर आहे.’ मी सांगितलं, असं लिहायचं नसतं. म्हणाल्या, “खोडकर आहे ते आहे. मी बघितलंय.”

१६ मे, शनिवार

नणंद आली होती, न सांगता. आई तयार आहे का बघायला. आल्या आल्या तिला कुठून तरी कळलं की घरात मुंग्या पाळल्यात. “आईच्या वयाला हे चालतं का? मी आत्ता औषध फवारते,” म्हणून डबा घेऊन निघालीच.

आणि सासूबाईंचं पोट नेमकं तेव्हाच बिघडलं! मागच्या बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली ती पावणेदोन तास. त्या बाथरूममध्ये संडासही धड नाही. नणंद दारावर थापा मारतेय, आतून “आई गं” ऐकू येतंय आणि मला एकटीला बाहेर बसून तिला तोंड द्यावं लागलं. मला म्हणाली, “वहिनी, आईचं तुझ्याशी रक्ताचं काय नातं? दादा होता तोवर ठीक होतं. तू परक्या घरची, तुला तिचं किती करावं लागणार?” प्रेमानेच म्हणाली, पण लागलं.

शेवटी तिची परतायची वेळ झाली. ती गेल्यावर पाच मिनिटांत सासूबाई ठणठणीत बाहेर आल्या आणि दोन अंडी उकडून मागितली. हे असं पोट!

नळ्या सुखरूप होत्या. दुपारची नोंदही झालेली होती.

२२ मे, शुक्रवार

फक्त तांबडे नर दिलेल्या चौघींच्या अळ्या फुगल्यात. नको तेवढ्या मोठ्या. त्या राणी व्हायला निघाल्यात, आणि एकट्या उपाशी आईच्या अंगात तेवढं कुठून असणार? आज दोन नळ्यांत अळ्या सुरकुतल्या. संस्थेत तेवीस वेळा बघितलंय मी हे. तेव्हा वाटायचं माझंच काही चुकतंय.

कामावर इस्त्री काचसामानाच्या खोलीत आला. म्हणाला, “सही करून टाका. सर मवाळ आहेत अजून.” मी धुतलेली बरणी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, “जरा पुसता का? तुमचे हात रिकामे आहेत.” त्याने पुसली, बिचाऱ्याने. मग एकदम म्हणाला, “माझीही तीन वर्षं त्या पेटीत गेलीत हो.” त्याची कीव येईल असं वाटलं नव्हतं. जरा आली. सही नाही केली.

२९ मे, शुक्रवार

झाली! नळी नऊमध्ये पहिली कामकरी निघाली. फिकट, पायांवर धड उभी राहत नाही, पण बाहेर आल्याआल्या आईचं अंग चाटायला लागली. नऊ म्हणजे दोन्ही नर दिलेली. खोडकर.

मी ओरडले. सासूबाई धावत आल्या, गुडघे असूनही. दोघी टबाच्या काठावर बसून बघत राहिलो. चहा गार झाला.

“बाप काळा असणार हिचा,” मी म्हटलं.

“असेना,” त्या म्हणाल्या. “कामाला लागली की नाही?”

४ जून, गुरुवार

आजचा हिशोब लिहून ठेवते, रागाच्या भरात नंतर चुकायला नको. काळे नर दिलेल्या चारही नळ्यांत कामकरी आल्या. दोन्ही नर दिलेल्या चारही नळ्यांत आल्या. फक्त तांबडे दिलेल्या चारही नळ्यांत एकही नाही, तीन राण्या गेल्या, चौथी कडेला पडून आहे. काळे नवरे मिळालेल्यांना आत्ता सुख आहे, पण माझ्या मते पुढे वारस राणी होणार नाही. दोन्ही लागतात. माझ्या मते, असंच लिहिते. ते बघायला अजून दोन-तीन वर्षं लागतील.

भीती वाटते. समितीने विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगू? नळ्या धुणारी.

८ जून, सोमवार

सगळं आठवतंय तसं लिहिते.

समितीचे बाहेरचे तिघे, शिवाय सर, इस्त्री आणि मी. तो एका ओळीचा कागद माझ्यापुढे सरकवला गेला. मी जुनी वही त्याच्यावर ठेवली आणि पान उघडलं. “निष्काळजीपणा म्हणता. मी लिहिलंय. आणि बघणाऱ्याने बघितल्याची सहीही आहे.”

इस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो गप्प बसणारा नाही. “मी वाचलं नव्हतं,” म्हणाला. “आणि यांनीही माझ्या पेट्या न बघता सह्या केल्यात. विचारा.”

“केल्यात,” मी म्हटलं. “ती चूक माझी, ती लिहा. त्याखाली आत्ता सही करते. पण भेसळीखाली नाही करणार, कारण ती भेसळच नाही. या मुंग्यांचं घर असंच चालतं. शुद्ध ठेवलेली तेवीस घरं आपण मारली, सर. मी आणि तुम्ही मिळून.”

मग पिशवीतून बारा नळ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. समितीतली म्हातारी बाई उठून भिंग मागायला लागली. बाकीचे बघत राहिले. चार नळ्यांत एकही लेक नाही आणि आठ गजबजलेल्या. त्यांना काही समजवावं लागलं नाही.

सरांनी माझी घरची वही चाळली. “ही साक्षीदार कोण? शिक्षण काय हिचं?”

“सासूबाई आहेत माझ्या. दिवसातून दोनदा बाराही नळ्या उजेडाकडे धरून बघतात आणि मग सही करतात. इथे असं कोण करतं ते सांगा, मग शिक्षण विचारा.”

म्हातारी बाई हसली. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “माणसांसारखंच आहे की हे. परकं आल्याशिवाय घर चालत नाही.” मी म्हटलं, “माणसांचं मला माहीत नाही, सर. मी मुंग्यांचं सांगते आहे.”

नव्या कामकरींपैकी काही तपासायला पाठवल्यात, नळ्या घरच्या फळीवर परत आणल्यात. निकाल यायचा आहे, आणि मला त्याची धाकधूक नाही असं नाही. पण फ्रीजर रद्द झाला. सर म्हणाले, उद्यापासून मुंग्यांच्या खोलीत या. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं. जाताना इस्त्रीने पेटीवरची ‘भेसळ’ची चिठ्ठी काढायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, मी काढते. नखाने खरवडून काढली. थोरली नेहमीसारखी कोपऱ्यात अंडी घालत होती.

१४ जून, रविवार

सकाळी नणंद गाडी घेऊन आली. आता कारणं संपली होती. चष्मा झाला, गुडघे झाले, समितीही झाली. मी बॅग बोळातून दारापर्यंत आणली. सासूबाईंचे कपडे, औषधं, रबरी पिशवी, सगळं घातलं होतं. एक काही विसरायला नको म्हणून मी आठवडाभर यादी केली होती. मला बरं वाटायला हवं होतं.

“चल आई,” नणंद म्हणाली.

सासूबाई मागच्या बाथरूममधून आल्या. हातात वही, चष्मा कपाळावर. बॅगेकडे बघितलं. मग वाकल्या, कण्हत चेन उघडली, रबरी पिशवी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली.

“भरून आण,” म्हणाल्या. “नळ्यांखाली ठेवायचीय. आज गार आहे.”

मी पिशवी धरून उभीच राहिले.

नणंद म्हणाली, “आई, अगं काय चाललंय? गाडी उभी आहे.”

“असू दे उभी. मला यायला जमणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. “इथे रोज माझी सही लागते.”

आणि वही उघडून भिंतीला टेकून लिहायला लागल्या. मी स्वयंपाकघरात पाणी तापवायला गेले. पातेलं काठोकाठ भरलं.